कोशिंबाखालची हाक

माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. थायरॉइडची गाठ होती. ती काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावून सांगितलं होतं, कागदावर सहीसुद्धा घेतली होती. सही करताना मी मनात म्हटलं, माझ्या बाबतीत तसं काही व्हायचं नाही. चोवीस वर्षं मी ज्याच्यासाठी गाते आहे, तो माझाच आवाज कसा नेईल? शुद्धीवर आले, ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. सहा महिने वाट बघा म्हणाले, मग वर्षभर बघा म्हणाले. आज माझ्याकडे आहे ती कुजबुज. समोरच्याने पंखा बंद केला तर ती कळते, नाहीतर मी नुसतेच ओठ हलवते आहे असं वाटतं.

आम्ही नवीन पनवेलमध्ये राहतो. आमच्या सेक्टरात दत्ताचं एक लहानसं देऊळ आहे, आणि तिथे दर गुरुवारी आम्हा बायकांचं भजन असतं. त्यात पुढे गाणारी मी. माझा तोरा काही कमी नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही. मागून कुणाचा सूर हलला की मी मान वळवून बघायची, आणि त्या बघण्याला बायका वचकून असायच्या. ऑपरेशननंतर माझ्या जागी सुनंदाताई गाऊ लागल्या. मी दोन गुरुवार जाऊन बसले, ओठ हलवले. तिसऱ्या गुरुवारी आरतीच्या आधीच उठून चपला शोधल्या आणि घरी येऊन मोरीत तोंडावर पाणी मारत रडले. नंतर गेलेच नाही. हे मला हसवायला म्हणायचे, "तीस वर्षांत पहिल्यांदा या घरात माझा शब्द शेवटचा ठरतोय." मी हसायची, कारण बिचाऱ्यांची धडपड दिसायची. आत मात्र काहीतरी सतत ओढ घेत राहायचं.

लोक सांगायचे की नामस्मरण मनातल्या मनातही करता येतं, देवाला काय, सगळं ऐकू येतं. येत असेल. माझं मन कधीच तसं शांत बसणारं नव्हतं. माझी सगळी भक्ती गळ्यात होती. सूर लागला की मला वाटायचं, आता हे तिथे पोचलं. तेवढी एकच खूण मला ठाऊक होती. ती गेली आणि मला वाटू लागलं की मी मुकी झाले तसा तोही बहिरा झाला आहे. सकाळी देवासमोर दिवा लावायची आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून जायची. रागावलेल्या माणसाशी घरात जसं वागतो तसं मी दत्तमहाराजांशी वर्षभर वागले.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. फाल्गुनात एकदा विचुंब्याच्या बाजूला गाढी नदीच्या काठाने चालत गेले. तिथे एक करंज होता. आठवड्यापूर्वी मी त्याला पार बोडका बघितला होता, आणि त्या सकाळी त्याच्या प्रत्येक काडीला पोपटी पानं आली होती. इतकी कोवळी की ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं. पूर्वीची मी असते तर तिथेच उभी राहून एखादं पद म्हटलं असतं. तोंड उघडलंही, पण घशात खरखर झाली. मग काय करावं ते सुचेना, म्हणून पिशवीतून मोबाईल काढला आणि फोटो घेतला. आणि मनात म्हटलं, घे, गाता येत नाही तर हे घे. आभार मानायचे ते असे मानते.

तिथून मला छंदच लागला. पिंपळाची तांबूस पालवी, आंब्याची जांभळट, चिंचेची पोटातल्या बाळाच्या बोटांसारखी नाजूक. दहा वर्षं या रस्त्यांवरून भाजी आणली, पण झाडं अशी कधी बघितलीच नव्हती. दर गुरुवारी भजनाऐवजी अकरा फोटो काढायचे, असा नेम केला. मोबाईलमध्ये त्या फोटोंचा वेगळा कप्पा करून त्याला 'नैवेद्य' असं नाव दिलं. मंडळाच्या ग्रुपवर एकदा पिंपळाचं पान टाकलं, तर त्यावर सात जणींनी हात जोडले आणि एकीने विचारलं, हे कशावर औषध आहे? त्यानंतर कुणाला पाठवले नाहीत. देवाने आणि मी मिळून बघायचे, एवढंच ठरवलं.

ऐकायला हे फार सुंदर वाटतं. पण खरं सांगते, ते आभार नव्हते. प्रत्येक फोटोच्या मागे मी हळूच चिकटवायची, 'बघ, किती कौतुकाने बघते आहे तुझी सृष्टी. आता तरी आवाज दे.' पान कितीही सुरेख असलं तरी ते बघताना माझा जीव घशापाशी घुटमळायचा. रात्री उशीला तोंड लावून एखादी ओळ म्हणून बघायची आणि ती निघाली नाही की दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं पान शोधायला निघायची. असा एक वसंत गेला, दुसरा आला. आवाज आला नाही.

गेल्या चैत्रातली गोष्ट. प्रबळगडाच्या बाजूला जाताना रस्त्यावरून मला लांब शेतांच्या पलीकडे एक कोशिंबाचं झाड दिसलं होतं. कोशिंबाची नवी पालवी हिरवी नसते, लालभडक असते. सगळं रान करपलेलं आणि मधेच हे झाड पेटल्यासारखं उभं. चार दिवस ते माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी एका गुरुवारी सकाळी ह्यांना म्हटलं, "जवळच जाऊन येते," आणि सहा आसनी रिक्षात बसून निघाले. जवळच, हे खोटं होतं. लांब जाते म्हटलं असतं तर हे सोबत आले असते, आणि मला देवाशी एकटीलाच भांडायचं होतं.

रिक्षातून उतरून बांधाबांधाने अर्धा तास चालले. शेतांमध्ये जागोजागी राब रचून ठेवले होते. आमच्याकडे भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तिथे आधी शेण, झाडांच्या वाळक्या फांद्या, पालापाचोळा, गवत असं थर देऊन अंथरतात आणि पाऊस यायच्या आधी जाळतात, त्याला राब म्हणतात. कोशिंब अगदी अशाच एका राबाच्या कडेला होता आणि त्याच्या मुळाशी एक सुकलेला ओहोळ होता, पुरुषभर खोल. फांदी खाली वाकलेली होती. पानांच्या मागून ऊन यावं म्हणून मी मोबाईल डोळ्यांसमोर धरून एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक. तिसऱ्या पावलाला खाली जमीन नव्हती.

पडले ती दगडांवर. उजवा पाय घोट्यापासून असा वळला होता की बघवेना. मोबाईल हातातून सुटून वर काठावरच कुठेतरी राहिला होता. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. चारी बाजूंनी वाळकं गवत ओहोळात लोंबत होतं आणि वर तो लाल कोशिंब. कुणीतरी असेलच आसपास, म्हणून मी ओरडले. म्हणजे ओरडायचं ते सगळं केलं, पोट आत ओढलं, मान ताणली. बाहेर आली ती हवा. पाच-सहा वेळा केलं. शेवटी खोकला आला आणि त्या खोकल्याचा आवाज माझ्या हाकेपेक्षा मोठा निघाला. अशा वेळी हसू येऊ नये, पण आलं. मग रडू आलं.

किती वेळ गेला कोण जाणे. लांबून एका बाईचा आवाज आला. म्हातारा, पण खणखणीत. जीव भांड्यात पडला, म्हटलं आली कुणीतरी. ती काहीतरी म्हणत म्हणत चालली होती. जवळ आली तसे शब्द कळू लागले.

"उठा गो बायांनो, उठा रे! जावा पलीकडं. आग येतेय. राब लावतंय आमी. पिल्लां घ्या आनि जावा."

आधी मला वाटलं शेतात माणसं झोपली असतील, त्यांना उठवते आहे. मग लक्षात आलं, तिच्या हाकेला कुणीच ओ देत नव्हतं. आणि मग अर्थ डोक्यात शिरला. माझ्या डोक्यावरच्या राबाला आता आग लागणार होती. त्या काठावरच्या गवताला ठिणगी पुरेशी होती. मी पुन्हा ओरडले. दगडावर दगड आपटावा म्हणून हात लांब केला, तर हाताला येणारे दगड मातीत रुतलेले. बाई बोलत बोलत माझ्या वरून पुढे गेली आणि तिचा आवाज पलीकडच्या बांधाकडे वळून बारीक होत गेला.

त्या क्षणी मी देवाला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात सांगायचं तर, आवाज तू नेलास आणि आता त्या आवाजावाचून मारतोयस, असं मी त्याला सुनावलं. इतकी कडू मी आयुष्यात झाले नव्हते. आणि त्याच वेळी वर काठावर माझा मोबाईल वाजला.

ह्यांनी ऑपरेशननंतर एक गोष्ट केली होती, ज्यावरून मी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. एका दत्तजयंतीला मी गायलेलं भजन त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं, ते त्यांनी माझ्या मोबाईलची रिंग म्हणून लावून दिलं होतं. मला ते सहन व्हायचं नाही. फोन आला की मी पहिल्या सुरालाच झडप घालून उचलायची. त्यामुळे दोन वर्षांत मी माझाच आवाज पुरता ऐकला नव्हता. आता उचलायला हात पोचत नव्हता. त्या रानात, लाल पालवीखाली, माझाच आवाज मोकळा गात राहिला. भरलेला, स्वच्छ. मी खाली पडून ऐकत होते. किती गोड होता तो, देवा. मला तो परत हवा होता. त्या घटकेला जगण्यापेक्षाही तो हवा होता.

आणि माझे हात टाळी वाजवू लागले. मी ठरवून काही केलं नाही. चोवीस वर्षांची सवय, भजन सुरू झालं की हात आपोआप ठेका धरतात. रिंग थांबली. पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. मग मोबाईल गप्प झाला. माझे हात मात्र थांबले नाहीत. डोळे मिटले होते, घशाशी काही नव्हतं, मागणं आठवत नव्हतं, देवावरचा रागही कुठे गेला कळलं नाही. नुसता ठेका चालू होता. तेवढा वेळ मला भीती वाटली नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. किती वेळ ते मात्र सांगता येणार नाही.

"कोन हाय गो खाली?"

डोळे उघडले. काठावर एक बाई वाकून बघत होती. सत्तरीच्या पुढची, काष्टा घातलेली, हातात जळता चूड. चूड म्हणजे वाळक्या झावळीचा पलिता. मला बघून तिने तो झटकन मातीत खुपसला आणि वर पाय देऊन विझवला.

"आगो बाय माझी! हितं कशी पडलीस? आनि वरडली का नायस?"

मी गळ्यावरचा व्रण दाखवला आणि हाताने नाही म्हटलं. ती समजली. मग तिने मागे वळून अशी आरोळी ठोकली की कोशिंबावरचे पक्षी उडाले. तिचा मुलगा आणि सून पलीकडच्या खळ्यावरून धावत आले. मुलगा माझ्याच वयाचा, अंगापिंडाने दणकट. त्याने खाली उतरून मला पाठुंगळीला घेतलं. सुनेने माझा मोबाईल गवतातून शोधून दिला आणि ह्यांना फोन लावला. ह्यांना यायला तास लागला. तोवर मी त्यांच्या ओटीवर पाय उशीवर ठेवून बसले होते, आणि त्या मावशी माझ्या घोट्याला हळद लावत होत्या.

"पयलं गानं आयकलं," त्या सांगत होत्या. "वाटलं, पोरां बसलीत मोबाईल लावून. म्हटलं बसूंदे, फिरून येते तवर उठतील. मग गानं थांबलं, तरी टाळी थांबंना. म्हटलं ह्यो कोन सरडा टाळ्या वाजवतो?"

सून हसली. म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं हे असंच हाय. चूड लावायच्या आदी सगल्या राबाला फेरी मारायची, हाका मारायच्या. सगलं गाव हसतं. ह्यो राब तर कालच लावनार होतो, वारा आला म्हनून राहिला."

मी मावशींच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाला हाका मारता?"

"असतात ना गो. ससा असतो, तितराची अंडी असतात, घोरपड. त्यांना काय म्हाईत आमी कवा आग लावनार ते? सांगावं नको?"

"ऐकतात का पण ते?"

"आयकतात का नाय ते त्यांच्यापाशी. हाक मारल्याबिगर मी चूड लावत नाय."

त्या हे अगदी सहज बोलल्या आणि हळदीची वाटी घेऊन आत गेल्या. मी मात्र तिथे ओटीवर बसल्या जागी हुंदके देऊन रडले. सुनेला वाटलं पाय दुखतो आहे, तिने धावत पाणी आणलं.

पाय खरंच मोडला होता. दीड महिना प्लास्टर होतं आणि त्या दीड महिन्यात विचार करण्यावाचून मला दुसरं काम नव्हतं. जन्मभर मी समजत आले की भक्ती म्हणजे मी हाक मारायची आणि त्याने ऐकायची. माझी हाक जितकी सुरेल तितकं त्याचं लक्ष. म्हणून आवाज गेल्यावर माझ्या हाती काहीच उरलं नाही. पण कुणीतरी माझ्याही भोवती फेऱ्या घालत असेल, आग लावण्याआधी हाका मारत असेल, ऊठ म्हणत असेल, हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. येणार कसं? मी सदा गात होते. गाणं थांबलं तर फोटोंचा रतीब सुरू केला. त्याला बोलायला मी जागाच ठेवली नव्हती. त्या दिवशी जे झालं तो चमत्कार होता की एका प्रेमळ म्हातारीची सवय, हे मला ठरवायचं नाही. मला तो प्रश्नच पडत नाही. मला हाक ऐकू आली आणि माझ्याकडे जे उरलं होतं त्याने मी ओ दिली, इतकंच मला माहीत आहे.

खिडकीच्या जाळीतून आमच्या सोसायटीच्या कुंपणापाशी एक उंबर दिसतो. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून मी त्याची पानं मोठी होताना बघितली. रोज तोच उंबर. फोटो काढायला हात शिवशिवायचा, पण आधी नुसतंच बघायचं ठरवलं. पंधराएक दिवसांनी एका सकाळी एक फोटो काढला. हिरवा रंग नीट आला नाही, जाळीची सावली पडली. पण त्याच्यामागे काही मागणं चिकटलं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हटलं, छान आहे, आणि मोबाईल खाली ठेवला. त्या दोन शब्दांनी मला चोवीस वर्षांच्या भजनांइतकं हलकं वाटलं.

आवाजाची ओढ गेली का? नाही. कुणी असं सांगत असेल की शरण गेलं की ओढ संपते, तर माझं तसं झालेलं नाही. आजही शेजारच्या घरात कुणी गुणगुणलं की माझा गळा आतून भरून येतो. त्या ओढीला मी आता हाकलत नाही. ती दत्तमहाराजांनीच ठेवली असेल, तर तीही त्यांचीच.

प्लास्टर निघाल्यावर चार दिवसांनी मावशी मला बघायला आल्या. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, सोबत पिशवीभर कैऱ्या. त्या दिवशी पडता पडता माझ्याकडून एक फोटो निघाला होता, तो मी त्यांना दाखवला. बोट दाबलं गेलं तेव्हा मी पडतच होते, त्यामुळे झाड तिरपं, आभाळ वाकडं आणि मधे लाल पानांचा नुसता झोत. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितला. मग मोबाईल बाजूला ठेवून माझ्या गळ्यावरच्या व्रणावर खरखरीत बोट फिरवलं.

"आवाज येल का गो परत?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला होता. प्रत्येक वेळी मी 'बघू' म्हणायची, किंवा डोळे पुसायची. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच उठून पंखा बंद केला.

"नाही," मी म्हटलं.

"मंग गो? देवाला हाक कशी मारशील?"

"आता त्याची ऐकेन, मावशी."